आतोबांची खूण

सकाळी कॉफी पिऊन आम्ही खाणीच्या टेकडीवर निघालो, तेव्हा भिण्यासारखं काहीच नव्हतं. पुढे गुन्ना आत्या, मागे शेवाळाचं पोतं पाठीवर घेतलेला मी.

तांब्याची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागे उरली ती कचऱ्याची राखाडी टेकडी, गंजाच्या वासाची. गावाने तिच्यावर माती पसरली आणि आत्याने त्या मातीत आमचे रेनडियर खातात ते पांढरं शेवाळ हाताने कुस्करून पेरलं. ते वर्षाला जेमतेम नखाएवढं वाढतं. पण रेनडियर तिकडे फिरकेनात. यंदा बर्फ पडायच्या आत ते चरायला आले नाहीत, तर टेकडी पवनचक्क्यांना देऊन टाकायची, असं गावाने ठरवलं होतं. आत्याने त्याचा धसकाच घेतला, कारण आतोबा त्या टेकडीखाली होते. हरवलेलं पाडस शोधायला गेले आणि टेकडीची कड त्यांच्यावर ढासळली. ते सापडलेच नाहीत.

जमिनीला हात लावण्याआधी तिच्याखाली राहणाऱ्यांना विचारायचं, ही रेनडियर पाळणाऱ्या आम्हा सामी लोकांची रीत. आत्या गुडघ्यांवर बसली.

"ए म्हाताऱ्या, पेरू ना रे? आणि नुसता लोळत पडू नकोस. जरा हाका मार रेनडियरांना."

"आता तरी आतोबांना कामाला लावू नकोस, आत्या," मी हसत म्हणालो.

"जिवंतपणी कुठे केलं त्याने?"

तेवढ्यात धुकं उतरलं. पायाशी ठेवलेलं पोतं दिसेना. मग ऐकू आलं, टक्… टक्… रेनडियर चालताना त्यांच्या घोट्यांतून येतो तो आवाज. पण तो आजूबाजूने येत नव्हता. पायाखालून येत होता.

"आत्या…"

"गप्प… ऐक."

गंजाचा वास विरला. ओल्या केसांचा आला आणि त्यात पाइपच्या तंबाखूचा. धुक्यातून एक पाडस आलं आणि आत्याच्या पायाशी शेवाळ खाऊ लागलं.

आत्याने त्याचा कान हातात घेतला. पाडसाच्या कानावर मालकाची खूण कापतात, प्रत्येकाची वेगळी. ही आतोबांची होती. दोन खाचा आणि खाली सुरी घसरल्याची तिरकी चीर. त्यांना अंगठा नव्हता, सुरी दरवेळी घसरायची. रक्त अजून ओलं होतं.

"अजून सरळ कापता येत नाही मेल्याला," आत्या म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

कानाचा कापलेला तुकडा मालक कमरेच्या पिशवीत टाकतो आणि संध्याकाळी मोजतो. जितके तुकडे, तितकी पाडसं. मी तो तुकडा खाली शोधला. नव्हता. आतोबा गेले त्या दिवशी त्यांची पिशवी घरीच राहिली होती आणि तेव्हापासून ती आत्याच्या कमरेला असायची, रिकामी. आत्याने हळूच गाठ सोडली आणि आत हात घातला.

आम्हाला एकच पाडस दिसलं होतं. तिच्या ओंजळीत कानांचे तुकडे मावत नव्हते, आणि सगळे अजून गरम होते.