न चाललेला गुडघा

पटो न पटो, ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या ताईच्या डोळ्यांसमोर घडलीये.

सुट्टीची दुपार होती. प्रयोगशाळेत ताई एकटीच. तिथे कृत्रिम गुडघे मशीनवर चालवून किती झिजतात ते बघतात. रांगेतला शेवटचा गुडघा मात्र चालवायचा नसतो. तो नुसता द्रवाच्या डब्यात भिजत ठेवायचा, बाकीच्यांशी वजन ताडून पाहायला.

ताईचं डोकं आधीच फिरलेलं होतं.

आईच्या पायात याच प्लास्टिकचा गुडघा होता. "आत खडे रगडल्यासारखं होतंय गं," ती म्हणायची. ताईने तेव्हाच प्रयोगशाळेच्या साहेबांच्या कानावर घातलं होतं. "म्हाताऱ्यांना कुरकुरायची सवयच असते," म्हणून त्यांनी झटकून टाकलं.

मग एक दिवस आमच्या जिन्याच्या वळणावर तो गुडघा निसटला. आई गेली.

ऑपरेशननंतर गुडघ्यात हाडाचा चुरा राहतो. चाचणीतही तो टाकायलाच हवा, असं ताईचं म्हणणं. पण साहेब म्हणाले, "कशाला? स्वच्छ द्रवात पास होतंय ना? मग झालं तर."

म्हणजे हाच माल आणखी किती आयांच्या पायांत जाणार होता!

ताईने रागारागाने मशीन बंद केलं.

सगळं शांत झालं...

कर्र...

थांबलं.

कर्र...

एक पायरी, मग दम. आई अशीच जिना चढायची.

आवाज शेवटच्या डब्यातून येत होता. आतला गुडघा हलतही नव्हता. पण द्रव... हळूहळू गढूळ होत होता.

ताईने तो बाहेर काढला. एकाच बाजूने पार खरवडून निघाला होता. आई त्याच बाजूवर भार द्यायची.

दुसऱ्या दिवशी तिने तो साहेबांच्या टेबलावर आपटला.

"हा तर चाललाच नाही. झिजेल कसा?" साहेबांनी विचारलं.

"तेच विचारतेय मी. आता सगळ्यांत चुरा टाकून चालवते. अडवून दाखवा."



चुऱ्यात एकूण एक गुडघा नापास झाला. तो माल बंद पडला. ताई जिंकली, असं लोक म्हणतात.

पण आमच्या जिन्यात अजून आवाज येतो.

कर्र... थांबतो... कर्र...

आईची कसली भीती? मला संताप येतो. मेल्यावरही तिच्या पायात तोच गुडघा आहे.

ताई दार उघडं ठेवून बसते. आवाज वळणापर्यंत येतो...

वर कधीच पोहोचत नाही.