फोटोतल्याच बाई हव्यात

ज्याला ही गोष्ट खोटी वाटते, त्याने आमच्या आईसमोर तसं म्हणून दाखवावं.

मंगळवार होता. दुपारचे बारा. लख्ख ऊन.

आई औषधं घ्यायला गेली होती. दुकानाच्या काउंटरवर नर्सिंग ब्युरोच्या जाहिरातींचा गठ्ठा होता. घरोघरी आजारी माणसांना सांभाळायला बायका पुरवणारा ब्युरो.

वरच्याच कागदावर मावशी, आईची धाकटी बहीण, हसत होती.

मावशी... जिला जाऊन पाच महिने झाले होते.

आधी त्या जाहिरातीत नुसता फोन नंबर असायचा. कुत्रंही विचारत नव्हतं. मग ब्युरोच्या मालकाने स्टुडिओतला चांगला फोटोग्राफर बोलावला. ब्युरोत काम करणाऱ्या बारा बायकांतून त्याने मावशीला निवडलं. खिडकीच्या उजेडात बसवलं. कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, हातात एका म्हाताऱ्याचा हात. फोटो असा आला, की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई माझ्या बापाला नीट सांभाळेल.

फोन थांबेनात. प्रत्येकाला फोटोतल्याच बाई हव्यात! मावशीची सुट्टी बंद झाली. अंगात ताप, छाती फोडणारा खोकला, तरी मालक म्हणायचा, "एवढा आठवडा काढा."

पेशंटच्या उशाशी, खुर्चीत बसल्याबसल्याच ती गेली.

आई तशीच ब्युरोत घुसली. कागद मालकाच्या टेबलावर आपटला.

"मेलेल्या माणसालाही सोडत नाही तुम्ही? काढा हा फोटो!"

"ताई, जरा शांत व्हा. दुसऱ्या बायकांचे फोटो लावून बघितले. फोनच येत नाहीत हो."

"लाज कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?"

तेवढ्यात फोन वाजला. मालकाने सवयीने स्पीकर लावला.

"तुमच्या बाई आल्यात बरं का," पलीकडून एक बाई खुशीत म्हणाली. "बाबांना अंघोळ घालतायत. अगदी फोटोतल्याच बाई पाठवल्यात!"

आई थिजली.

"कोणाला पाठवलंत तिथे?"

मालकाने ड्युटीची वही जवळ ओढली.

"कोणाला?"

"कोणालाच नाही. तिथली बाई आज कामावर आलीच नाही." तो खाली बघत पुटपुटला, "चार महिने होतंय असं. पेशंट खूश असतात, ताई. आणि त्या... सुट्टी मागत नाहीत."

त्याला माहीत होतं! चार महिने माहीत होतं, आणि तो जाहिराती छापत होता.

आईने फोन हिसकावला. "त्या बाईंना द्या जरा."

पावलं वाजली. दार करकरलं. पाणी ओतल्याचा आवाज...

थांबला.

मग खोकला. तोच.

"ताई... बदलीला कोणी आलंच नाही गं."

आईने मालकाकडून पत्ता ओरबाडून घेतला. धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली. त्या घरचे बाबा पलंगावर बसले होते, ओले केस नीट विंचरलेले. बाथरूममध्ये बादलीतून वाफा निघत होत्या.

आत कोणी नव्हतं.

"आत्ता तर इथेच होत्या," घरची सून गोंधळून म्हणाली.

आई त्या रिकाम्या बाथरूमच्या दारात उभी राहिली.

"मी आलेय बदलीला. पुरे झालं आता! जा तू."

मग पदर खोचून ती बाबांच्या उशाशी बसली. चारच्या सुमाराला दाराजवळ कोणीतरी चपला घातल्या... जिना उतरणारी पावलं. मध्येच थांबून एकदा खोकला.

पुढे काहीच नाही.

संध्याकाळी आई परत ब्युरोत गेली. सगळे गठ्ठे फाडले. मालकाची ड्युटीची वही ओढून उघडली. कोणालाच पाठवलं नसताना "बाई आल्या" असा फोन आला, की तो त्या घराच्या आडनावापुढे लाल खूण करायचा. पत्ते वहीत नव्हते.

त्या मंगळवारी, दुपारी बाराच्या रकान्यात...

अकरा खुणा होत्या. अकरा घरं. एकाच वेळी.

आई त्यातल्या एकाच घरी गेली होती.

"बाकीचे पत्ते द्या."

मालकाने वही मिटली. "पेशंटचे पत्ते देता येत नाहीत, ताई. नियम आहे."

आई अजून रोज जाते. तो अजून रोज नाही म्हणतो.

आणि ती तिथे भांडत असते, तोवर टेबलावरचा फोन वाजतच असतो...