असागिरीचा न मोडलेला दांडा

"चूक सर्वस्वी माझी आहे!" नाकागोमेबाईंच्या खासगी तपास कचेरीच्या दारातून आत आल्या आल्या त्या गृहस्थाने कमरेत वाकून जाहीर केलं.

इझावा खुर्चीतून अर्धा उठला. सव्वीस वर्षं पोलिसात काढून आता बाईंचा मदतनीस झालेल्या माणसाला कबुलीजबाब कानावर पडला की बसवत नाही.

"बसा हो, इझावा-सान," नाकागोमेबाई म्हणाल्या. "हे असागिरी मोटारचे कुसाकाबे-सान, जनसंपर्क प्रमुख. त्यांनी काहीही केलेलं नाही."

इझावा बसला. ऑगस्टचा महिना, ओकाझाकीतला उकाडा, पंखा बंद पडलेला आणि समोर विनाकारण गुन्हा कबूल करणारा माणूस. त्याचं डोकं आत्ताच तापायला लागलं होतं.

कुसाकाबेंनी मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, त्याबद्दलही माफी मागितली आणि मग एकदाचे मुद्द्यावर आले. असागिरीची पहिली गाडी एकोणीसशे पंचावन्न साली नागोयाहून पार आओमोरीपर्यंत जाऊन परत आली होती. दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, रस्ते नावाला, आणि गाडीतला एक भागसुद्धा मोडला नाही की बदलावा लागला नाही. त्या एका फेरीवर कंपनीचं नाव उभं राहिलं. 'मोडत नाही ती असागिरी' हे वाक्य इथल्या लेकरांनाही पाठ असतं.

"ती गाडी आमच्या संग्रहालयात आहे," कुसाकाबे घाम टिपत म्हणाले. "तिचा पुढची चाकं वळवणारा दांडा कुणीतरी काढून नेला आणि त्याजागी दुसरा बसवला. सोमवारी चाळिसाव्या वर्षाचा सोहळा आहे. विद्यापीठाचे प्राध्यापक पुस्तकासाठी गाडीचे क्ष-किरण फोटो काढणार आहेत. आणि त्याच दिवशी उएझुमींचा राजीनामा मंजूर होईल."

"उएझुमी कोण?"

"गाडी सांभाळणारे मेकॅनिक. दांड्यावरचा नंबर वेगळा दिसला म्हणून तो बदललाय हे त्यांनीच गुरुवारी ओळखलं."

"ज्याने चोरी पकडली तोच राजीनामा देतोय?" इझावाचा आवाज चढला.

"गाडी त्यांच्या ताब्यात होती ना! जबाबदारी त्यांची. आता गावात लोक म्हणतात, त्यांनीच लांबवला. मला ते खरं वाटत नाही. पण सोमवारपर्यंत खरा माणूस सापडला नाही, तर अडतीस वर्षांची नोकरी चोर म्हणून संपेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ठाऊक होतं, पण इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन आला होता.

संग्रहालयात शिरताना बूट काढून सपाता घालाव्या लागल्या. त्या इझावाच्या पायाला दोन बोटं आखूड होत्या. टाचा बाहेर लोंबत असताना कुणावर वचक बसवायचा म्हणजे नाकी नऊ येतात.

उएझुमी तोकुजी गाडीपाशी उभा होता. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, हात तेलाने कायमचे काळे.

"चूक माझी आहे," तो वाकून म्हणाला.

"दांडा तुम्ही नेलात?"

"नाही."

"मग चूक कसली?"

"मी दर गुरुवारी गाडी पुसतो. बुधवारी पुसली असती तर बुधवारी कळलं असतं."

इझावाने डोळे मिटून दहा आकडे मोजले. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "दुरुस्तीसाठी गाडीखाली उतरतात त्या खड्ड्याची किल्ली कुठे असते?"

"त्या खिळ्याला."

खिळ्याखाली ठळक अक्षरांत पाटी होती: 'खड्ड्याची किल्ली'. म्हणजे आओमोरीहून आलेला पाहुणासुद्धा ती घेऊ शकला असता.

"इझावा-सान, जरा खाली उतरता? तो दांडा चार नटांनी बसवलाय. त्यांचं चित्र काढून आणा. जसं दिसतं तसं."

"चित्र?"

"रंगासकट."

या बाईंनी वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासल्या होत्या. माणसांपेक्षा नट-बोल्टांवर त्यांचा जास्त विश्वास. इझावा खड्ड्यात उताणा झाला, एक सपात निसटून तेलात पडली, आणि त्याने चरफडत वहीत लिहिलं: 'चार नट. प्रत्येकावर एक पिवळी रेघ, नटावरून खालच्या पोलादावर उतरलेली.' पिवळी पेन्सिल नव्हती म्हणून शब्द लिहिला. कोणत्याही कारखान्यात दिसतात तशा रेघा होत्या. यात चित्र काढण्यासारखं काय होतं, देव जाणे.

तो वर आला तेव्हा बाई संस्थापकांच्या नातवाशी बोलत होत्या. शुन्साकु असागिरी, तिशीचा, डोळ्यांवर महागडा चष्मा.

"चूक आमच्या घराण्याची आहे," तो म्हणाला.

"आता घराणंही!" इझावा पुटपुटला.

"ही गाडी तुम्हाला आवडत नाही असं ऐकलं," बाई म्हणाल्या.

"खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं आम्ही एकाच फेरीच्या पुण्यावर जगतोय. नवं काही दाखवलं की म्हातारे म्हणतात, आजोबांची गाडी मोडली नव्हती. पण म्हणून मी दांडा कशाला चोरू? दांडा लपवून मला काय मिळणार?"

"पाना धरता येतो?"

"आमच्याकडे मालकाच्या पोरालाही दोन वर्षं जोडणीच्या रांगेत उभं करतात. दिवसाला आठशे नट आवळले आहेत मी, आणि आठशे पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत."

"आणि कुसाकाबे-सान, तुम्हाला?"

कुसाकाबे लाजले. "मी घरी बाटलीचं झाकणसुद्धा उलटं फिरवतो."

"उंटावरून शेळ्या हाकायचं खातं त्यांचं," उएझुमी हळूच म्हणाला. चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला असावा.

"पांढऱ्या रेघा म्हणजे?" बाईंनी त्याला विचारलं.

"जो नट आवळतो तो त्यावर पांढरी रेघ ओढतो. मग तपासणारा येतो, ओढून बघतो, आणि शेजारी पिवळी ओढतो. पहिल्या गाडीपासूनची पद्धत आहे. दोन्ही असल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मुरोझुमी-सानना विचारा. ते तपासणीचे प्रमुख होते. सैतान होता हो माणूस! एका वर्षात माझ्या हाताखालून गेलेले चारशे दांडे परत पाठवले. केसाएवढी भेग दिसली की, परत. आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. पण त्यांच्यामुळे एकही दांडा रस्त्यावर मोडला नाही."

मुरोझुमी आता निवृत्त झाले होते, आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात येऊन पाहुण्यांना माहिती सांगत. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेनं. पंचावन्न सालच्या त्या फेरीत चालकाशेजारी बसलेला बावीस वर्षांचा तपासनीस म्हणजे तेच. चालक वारला होता. संस्थापक मागच्या गाडीत होते, तेही गेले.

बाईंनी त्यांना फेरीची गोष्ट सांगायला लावली. मुरोझुमींनी सगळं सांगितलं: नागोयाला निघताना खाल्लेले भाताचे गोळे, किसोच्या खोऱ्यात गाडीमागे धावलेल्या बायका, कुठे पाणी भरलं, कुठे कुत्रा आडवा आला. "मग उसुई घाट लागला," ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. "मग आम्ही ताकासाकीला पोचलो. तिथे पाऊस होता..."

आओमोरीचं सफरचंद किती आंबट होतं इथपर्यंत गोष्ट आली, तेव्हा इझावाला डुलकी लागायच्या बेतात होती.

"खरं सांगायचं तर," मुरोझुमी कप खाली ठेवून म्हणाले, "जे झालं त्यात चूक माझीच—"

"पुरे हो!" इझावा ताडकन उठला. "सकाळपासून चौथी चूक! साऱ्या कंपनीची चूक, घराण्याची चूक, गुरुवारची चूक! इथे चोर सोडून प्रत्येकजण गुन्हेगार आहे. आम्हाला माफी नकोय, आजोबा, माहिती हवीय!"

मुरोझुमींनी मान खाली घातली.

नाकागोमेबाईंनी इझावाकडे असं पाहिलं की तो गुपचूप पुन्हा बसला. मग त्यांनी त्याची वही मागून घेतली, चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना गाडीपाशी बोलवा."

सगळे गाडीभोवती जमले. कुसाकाबे घाम टिपत होते. उएझुमी राजीनाम्याची प्रत खिशात चाचपत होता.

"बाहेरच्या चोराने दुसरा दांडा बसवण्याचा खटाटोप केला नसता," बाई म्हणाल्या. "नेला आणि पळाला असता. याने तो असा बसवला की उएझुमी-साननी नंबर पाहिला नसता, तर कुणाला कळलं नसतं. म्हणजे विकायचा नव्हता, फक्त नाहीसा करायचा होता. तोही सोमवारच्या आत. सोमवारी काय होणार होतं?"

"सोहळा," कुसाकाबे म्हणाले.

"आणि क्ष-किरण. रंगाखाली काय आहे ते डोळ्याला दिसत नाही, क्ष-किरणाला दिसतं. तेव्हा प्रश्न एवढाच की बसवला कुणी. इझावा-सान, तुमचं चित्र वाचून दाखवा."

"चार नट," इझावा कंटाळून म्हणाला. "प्रत्येकावर एक पिवळी रेघ."

उएझुमीने कपाळावर हात मारला. "फक्त पिवळी? मी नंबर पाहिला आणि हबकलो! रेघा पाहिल्याच नाहीत!"

"परक्या माणसाने रेघ ओढलीच नसती. कुसाकाबे-सानना नट कुणीकडे फिरतो ते माहीत नाही. उएझुमी-सान किंवा शुन्साकु-सान असते, तर हात पांढऱ्याकडे गेला असता. आणि विचार करून ओढल्या असत्या, तर दोन्ही ओढल्या असत्या. पण हा विचार नव्हे, सवय आहे. नट घट्ट झाला, ओढून पाहिला, हात खिशाकडे गेला. पांढरी रेघ त्या हाताची नव्हेच. ती आयुष्यभर आधीच ओढलेली त्याच्यासमोर यायची."

सगळ्यांच्या नजरा इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेल्या. पिवळ्या टोपणाचं पेन तिथेच होतं.

"ज्यांना कुत्रा आठवतो, सफरचंद आठवतं, त्यांना आख्खा उसुई घाट आठवत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "चौघांनी चूक कबूल केली, इझावा-सान. त्यातली एक खरी होती. तुम्ही ती पुरी होऊ दिली नाहीत."

इझावाचे कान तापले. या वेळी उकाड्याचा दोष नव्हता.

मुरोझुमी आतल्या खोलीत गेले आणि रेशमी रुमालात बांधलेलं एक लांबट गाठोडं घेऊन आले. दांड्याच्या मध्यावर त्यांनी रंग खरवडला होता. तिथे रंगाच्या जाड थरांखाली दडलेला ओबडधोबड सांधा होता.

"घाटात मोडला," ते म्हणाले. "मागची गाडी बरीच लांब होती. आम्ही खालच्या गावातल्या लोहाराकडून जोडून घेतला. मागून आलेल्या थोरल्या साहेबांना सांगितलं, शेवया खायला थांबलो होतो. मी बावीस वर्षांचा होतो. परत आल्यावर कागद पुढे आला: एकही भाग मोडला नाही. मी शिक्का मारला. फेकून द्यायला कालव्यावर दोनदा गेलो. कंपनीचा भाग आहे, फेकवेना."

कुसाकाबे मटकन खाली बसले. पुस्तिका छापून तयार होत्या.

मुरोझुमी उएझुमीसमोर वाकले, पार कंबर मोडेपर्यंत. "तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं. क्षमा करा."

सगळ्यांना वाटलं, आता उएझुमी म्हणेल, नाही नाही, चूक माझीच. पण तो लालबुंद झाला होता.

"नाही करणार!" तो ओरडला. "चार दिवस माझी बायको दुकानात गेली नाही! ओबोनच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यावर कुठल्या तोंडाने जाऊ म्हणून रडत बसली! आणि चारशे दांडे! केसाएवढ्या भेगेसाठी माझे चारशे दांडे परत पाठवणारा माणूस हा सांधा पोटात घेऊन बसला होता?"

"त्याच्यासाठीच पाठवले," मुरोझुमी म्हणाले. "पुन्हा कुणाचा मोडू नये म्हणून."

इझावाला दिवसभरात पहिल्यांदाच कुणाचा राग आला नाही.

उएझुमीने राजीनामा फाडला, पाना उचलला आणि खड्ड्यात उतरला. दुसरा दांडा काढून त्याने तो जोडलेला दांडा मूळ जागी बसवला. चार नट आवळले, चार पांढऱ्या रेघा ओढल्या आणि वर न बघता म्हणाला, "तपासा."

मुरोझुमी इस्त्रीच्या सदऱ्यानिशी खाली उतरले. त्यांनी चारही नट ओढून पाहिले. मग सांध्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. पिवळ्या पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"नापास," ते म्हणाले.

कुसाकाबे कण्हले. "पण सोमवारी... पाहुणे..."

"राहू दे तसंच," शुन्साकु म्हणाला. त्याने स्वतः जाऊन तपासणी विभागातलं नापास भागांचं लाल लेबल आणलं. मुरोझुमींनी त्यावर तारीख घातली, कारण लिहिलं, शिक्का मारला आणि ते असागिरीच्या पहिल्या गाडीच्या दांड्याला दोऱ्याने बांधलं. मग उएझुमीने हात दिला, आणि दोघे खड्ड्यातून वर आले.