सावरीखालचा उनाड विद्यार्थी

“काका, हा पांगारा नाहीये काही! ही काटेसावर आहे!”

झाडांखाली भरणाऱ्या आमच्या बालवाडीतल्या ठमाकाकूने – वय वर्षं चार – त्याला चारचौघांत झापलं, तीच आमची पहिली भेट. तो खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा काढत होता आणि सोबत्याला ओरडून झाडाचं नाव सांगत होता. चुकीचं.

“कशावरून गं?”

“पांगाऱ्याला तीन-तीन पानं. हिला बोटांसारखी पाच!”

तो माझ्याकडे बघून हसला. “बाई, मलाही घ्या की वर्गात.”

“जागा नाही,” मी म्हटलं. पण मेलं हसू काही आवरेना.

मग जेवणाच्या सुट्टीत तो रोज यायला लागला. लांब पाय दुमडून पोरांच्या रांगेत शेवटी बसायचा, आणि मुद्दाम चुकायचा.

“हे जांभूळ ना, बाई?”

“अहो, चिंच! डोळे आहेत की बटणं?”

“तुम्ही रागावलात ना, की…”

“की काय?”

“…की चिंच पक्की लक्षात राहते.”

डोळे मिटून खोडावरून हात फिरवायचा आमचा खेळ होता. एकदा पोरांनी माझेच डोळे बांधले आणि हाताखाली त्याचा हात ठेवला. “ओळखा बाई, कुठलं झाड?” खरखरीत, वाळल्या रंगाचे पापुद्रे असलेला. “हे नापास झाड,” मी म्हटलं. पण तो हात सोडायला मला उशीर झाला. प्रेमात पडले होते मी, सरळ सांगते.

मग एके दिवशी ठमाकाकूने विचारलं, “काका, झाडांवर आकडे कशाला?”

तो मान खाली घालून मातीत काडीने रेघा ओढत राहिला. मुलं घरी गेल्यावर म्हणाला, “रस्ता रुंद होतोय. आकडेवाली झाडं… सोमवारी तोडणार.”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो. सांगितलं असतं, तर तू मला इथे बसू दिलं नसतंस.”

“पोरं त्याच खोडांना मिठ्या मारत होती. आणि तू नुसता बघत होतास?”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर. नोकरी सोडतो मी… आजच.”

“झाडं वाचतील?”

“नाही. उद्या दुसरा येईल रंगाचा डबा घेऊन.”

रडू फुटलं मला. “माझंही आहे रे… तुझ्यापेक्षा जास्तच. पण सोमवारनंतर पोरं तुलाच विचारतील, आणि तू पुन्हा असाच मान खाली घालशील. ते मला बघवणार नाही. येऊ नकोस आता.”

“कधीच?”

मी ‘नाही’ अशी मान हलवली.

तो उठला. फाटकापाशी थांबला, कडीवर हात ठेवून, बराच वेळ. एक हाक मारली असती, तर धावत परत आला असता. मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.