भेंडी म्हणजे ओढ

नलिनी आणि सहदेवचं लग्न झालं. पंगतीत भेंडीची भाजी होती. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या बुधवारी नलिनी त्याला ओळखतही नव्हती. तिला फक्त भेंडी हवी होती.

अंधेरीतल्या तिच्या इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. तळापासून गच्चीपर्यंत नुसती काळोखी पोकळी. सगळे तिला विहीर म्हणत आणि टोपली सोडून खंडू भाजीवाल्याकडून भाजी वर घेत. सत्त्याऐंशी साल उजाडलं तरी सेक्रेटरी दशरथकाका "पुढच्या महिन्यात येतेय" म्हणतच होते.

नलिनीनं चौथ्या मजल्यावरून टोपली सोडली. "खंडू, अर्धा किलो भेंडी!"

काळोखातून एक हेल्मेट वर आलं. त्यावर दिवा. दिव्याखाली मिशी. टोपली हेल्मेटवर टोपीसारखी बसलेली.

"भेंडी नाही," मिशी म्हणाली. "मी सहदेव."

"बरं. कसे दिले?"

"घासाघीस होईल... आधी टोपली काढा. चंदू, सोड रे!"

गच्चीवरच्या चंदूनं दोर ओढला. सहदेव नलिनीच्या दारासमोर वाळत घातल्यासारखा लोंबकळला.

"सोड!"

चंदूनं आणखी ओढला.

मग सहदेवनं लटकल्या लटकल्या सगळं सांगितलं. रविवारी त्यांचा क्लब सह्याद्रीतल्या एका गुहेत उतरणार होता. गुहा कसली, सरळ खाली गेलेलं भोकच. एका दोरावर आपण चढायचं-उतरायचं. दुसरा जिवाचा दोर, तो वरच्याच्या हातात. सरावाला दशरथकाकांनी परवानगी दिली होती. ही पोरं लिफ्टवाली आहेत, असा त्यांचा समज होता. तो मोडण्याइतकं निर्दयी क्लबात कोणी नव्हतं.

"चंदूला ऐकू कमी येतं," सहदेव म्हणाला.

"त्याचा काय दोष? सोड आणि ओढ, विहिरीत दोन्ही 'ओड'च ऐकू येतं. आम्ही इथून रोज भाजी मागवतो, कधी चुकते? तुम्हीही भाजीतच बोला ना. भेंडी म्हणजे ओढ, टोमॅटो म्हणजे सोड."

सहदेव तिच्याकडे बघत राहिला. हेल्मेटवरचा दिवा सरळ तिच्या डोळ्यांत.

"दिवा विझवा," ती म्हणाली, "मग बघा."

गुरुवारी जिवाचा दोर नलिनीच्या हातात आला. शुक्रवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. चंदूला दोर गुंडाळायचं काम मिळालं आणि त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

शनिवारी क्लबच्या प्रमुख शुभाताई परीक्षेला आल्या. एकदा जरी दोर चुकला, तर जोडीतलं कोणीच गुहेत नाही. त्यात दशरथकाका पेढे घेऊन आले. सोमवारी लिफ्ट येतेय, खरंच येतेय! नलिनीनं पेढा न खाताच परत ठेवला. विहीर गेली, की हा माणूस कुठल्या निमित्तानं वर येणार?

"टोमॅटो!" सहदेव उतरला. तिनं अलगद दोर दिला.

"भेंडी!" तो चढू लागला. तिनं दोर घेतला.

दुसऱ्या मजल्यापाशी तो थांबला.

"ओढ!"

नलिनीचे हात थबकले. हा शब्द तर बाद झाला होता. "भाजीत सांग रे!"

"भाजीत नाही सांगता येत..."

"ओढ म्हणजे... दोर घेऊ?"

"नाही गं! मला... तुझी... ओढ. वाटते."

विहिरीनं ते प्रत्येक मजल्यावर घरपोच पोचवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पुतळाबाई दारात आल्या. "अगो बाय, काय ते उत्तर दे! माझं दूध उतू चाललंय!"

नलिनीचे कान तापले. हातातला दोर मात्र तसूभर सरकला नाही. ती वाकली आणि सगळ्या इमारतीच्या साक्षीनं ओरडली,

"भेंडी!"

आणि तिनं दोर ओढला.

"हाक खालच्यानं द्यायची असते," शुभाताई म्हणाल्या. "पण दोर सुटला नाही. पास. दोघंही."

रविवारी दोघं गुहेत उतरली. आत काळोख होता, एवढंच त्यांनी घरी सांगितलं.

एमआयडीसीतल्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या नलिनीनं सोमवारी सकाळी दशरथकाकांच्या हातात अर्ज ठेवला:

"महोदय, इमारतीतील विहीर सध्या सतत वापरात असल्याने आपली लिफ्ट कृपया शेजारच्या सोसायटीत बसवून मिळावी, ही नम्र विनंती."