शून्य तासाचा नमुना

बडोद्यात छाणीच्या पुढे, हायवेला लागून जाणाऱ्या रस्त्यावर आमची लॅब आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती टाइल्सची शोरूम वाटते. आत औषधांची परीक्षा चालते. एखाद्या कंपनीने जुनीच गोळी नव्याने बनवली, की ती मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे आम्ही तपासतो. त्यासाठी धडधाकट माणसं लागतात. ती वरच्या मजल्यावर दोन दिवस राहतात, गोळी गिळतात, ठरल्या वेळी रक्त देतात आणि मानधन घेऊन घरी जातात. त्यांचं रक्त फिरवून वर आलेला पिवळसर प्लाझ्मा छोट्या नळ्यांत भरून, गोठवून खाली माझ्याकडे येतो. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. माणसांपेक्षा नंबरांशी माझं जास्त जमतं असं घरचे म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

प्रत्येकाची पहिली नळी गोळी द्यायच्या आधी भरतात. तिला आम्ही शून्य तासाचा नमुना म्हणतो. हा नमुना कोरा निघाला पाहिजे. प्लाझ्मात औषध असेल तर मशीनच्या आलेखावर एक शिखर उभं राहतं, नसेल तर रेघ सरळ जाते. पंधरा वर्षांत अशा हजारो सरळ रेघा मी पाहिल्या. इस्त्रीची चादर अंथरल्यावर वाटतं तसं मला अजूनही त्या बघून वाटतं.

गेल्या जूनमध्ये रक्तदाबाच्या एका गोळीची चाचणी चालू होती. एकोणीस नंबरच्या शून्य तासाच्या नमुन्यात शिखर आलं. त्याच गोळीचं.

"बेन, नळी अदलाबदल थई गई हशे," आमचे विभागप्रमुख मयंकभाई म्हणाले. ते घाबरले की गुजराती बोलतात आणि चिडले की इंग्रजी. त्या दिवशी गुजरातीवर भागलं.

नळी बदललेली नव्हती. राखीव ठेवलेली दुसरी नळी काढली, तिच्यातही शिखर होतं. कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. रक्त आधी काढलं होतं, गोळी नंतर दिली होती. मशीन धुतलं, पुन्हा लावलं, शिखर जागच्या जागी. मग या गड्याने घरूनच ती गोळी खाल्ली असणार, एवढाच अर्थ उरला. एकोणीस नंबर मराठी निघाला, म्हणून विचारायला मला वर पाठवलं.

त्याचं नाव विश्राम. पंचविशीचा, काटकुळा, तेल लावून भांग पाडलेला. राहायला बाजव्याला, रेल्वेलाईनच्या पलीकडे. वडील धुळ्याकडून कंत्राटी कामावर आले ते इथलेच झाले.

"आईशप्पथ ताई, रात्री इथलीच खिचडी-कढी खाल्ली. गोळी-बिळी काय नाय." मग त्याने आवाज बारीक केला. "माझ्या रक्तात काय खराबी आहे काय?"

"रक्त उत्तम आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं. भरतीच्या तपासणीत साखर, रक्तदाब, हृदय, सगळं नमुनेदार होतं.

त्याला चाचणीतून वगळलं. मयंकभाईंनी 'कारण अज्ञात' असा शेरा मारला आणि विषय त्यांच्यापुरता मिटला. माझ्यापुरता मिटला नाही. कारण सापडलं नाही की माझ्या डोक्यात भुंगा लागतो. पुढच्या आठवड्यात मशीन रिकामं मिळालं तेव्हा एकोणीस नंबरच्या नळीतून मी थोडा प्लाझ्मा काढला आणि या वेळी एकाच औषधाचा नव्हे, सापडेल त्याचा शोध घेतला.

आलेखावर डोंगररांगच उभी राहिली. पॅरासिटामॉल होतं, हे समजण्यासारखं. आर्टिमेथर होतं, दवण्याच्या भावकीतल्या झाडापासून निघणारं मलेरियाचं औषध. पलीकडे मधुमेहाची गोळी, रक्त पातळ करणारी, गुडघेदुखीची, प्रोस्टेटची. माझ्या सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात असतं तेच सगळं. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. आणि या सगळ्यांच्या अलीकडे, मलेरियाच्या औषधाच्या शेजारी, ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम जोडीने उभी होती.

ही जोडी मी आधी फक्त पुस्तकात पाहिली होती. कीडनाशक अंगात भिनलेल्या माणसाला ती शिरेतून देतात. एवढं सगळं घेतलेला पोरगा स्वतःच्या पायांनी जिना चढून येईल कसा? नळीत काहीतरी मिसळलंय असं मी ठरवलं. त्याच दिवशीचे इतर सगळे नमुने लावून पाहिले. एकजात कोरे.

सप्टेंबरमध्ये विश्राम दुसऱ्या चाचणीच्या भरतीला आला. त्याला घेतलं नाही, कारण नुकताच आजारातून उठला होता. जाता जाता तो माझ्या दारात डोकावला.

"मजामां ताई? मला ओळखलं ने?"

"ओळखलं. काय झालं होतं?"

"मलेरिया. जन्मात पहिल्यांदा." त्याने खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून दाखवलं, पुढच्या डॉक्टरला दाखवायला जपून ठेवलं होतं. त्यावर आर्टिमेथर लिहिलं होतं.

रक्त जूनमध्ये काढलं होतं. ताप ऑगस्टमध्ये आला होता. मधल्या काळात ती नळी उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरमध्ये होती, आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बिचारा अवघडला.

मी तर्काने चालणारी बाई आहे. घरात उपासतापास पाळते ते सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून. पण तर्क म्हणजे समोर आलेलं नाकारणं नव्हे. त्या नळीत रक्तदाबाची गोळी होती, आणि त्याने ती नंतर गिळली. नळीत मलेरियाचं औषध होतं, आणि त्याने ते नंतर घेतलं. आता पुढे प्रॅलिडॉक्सिम होतं. मला भीती वाटली. 

"कामाला कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"इथेच, छाणीला. एका शेडमध्ये बाटल्या भरतो."

"कसल्या?"

"शेतावर फवारायच्या दव्याच्या."

बाहेरच्या लारीवर, म्हणजे चहाच्या गाडीवर, मी त्याला चहा पाजला. त्याच्या शर्टाला लसणासारखा उग्र वास होता. शेडमध्ये आठ-दहा जण काम करतात, मास्क मिळतो, पण गरम होतं म्हणून कोणी लावत नाही, असं तो हसत हसत सांगत होता. मालक चांगला आहे. कोणाला चक्कर आली तर स्वतःच्या गाडीत घालून सयाजी हॉस्पिटलात नेतो.

खरं सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी माझ्या धंद्यातली थाप मारली. "तुझ्या रक्तात त्या दव्याचा अंश सापडलाय. आणखी थोडे दिवस तिथे राहिलास तर जिवावर बेतेल. काम सोड."

त्याचा चहा हातातच राहिला. "रिपोर्टमध्ये आलं?"

"आलं."

रिपोर्ट म्हटल्यावर त्याने पुढे एक शब्द विचारला नाही.

काम सोड म्हणणं सोपं आहे. त्याची बायको नलिनी बाजव्यातच ब्लाउज शिवायची, त्यावर दोघांचं भागणार नव्हतं. मग मला तुकोजीमामा आठवले. मामांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानची शिपाईगिरी होती. आता त्यातलं पादरा गावाच्या पुढे मही नदीकाठचं शेत उरलंय, आणि मिशा. त्यांना राखणीला माणूस हवा होता.

"मामा, तुमच्या शेतावर फवारणी कसली करता?" मी फोनवर विचारलं.

"अगं, शेणखत आणि गोमूत्राशिवाय मी कशाला हात लावत नाही. अंगणात बाटली दिसली तर मिशी उतरवीन."

एवढं मला पुरे होतं. दिवाळीनंतर विश्राम शेतावर राहायला गेला. विहिरीवरची मोटर लावायची, नीलगायी हाकलायच्या, रात्री एक फेरी मारायची. जवळपास वस्ती नाही. नलिनीचं शिवणकाम इथे असल्याने ती बाजव्यालाच राहिली आणि दर रविवारी जायची. एकदा तिने माझ्यासाठी लॅबच्या दारावर कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणून दिला. "ताई, तुम्ही होता म्हणून," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं. पंधरा वर्षांत माझ्या आलेखाने कोणाचं भलं झालेलं मी प्रथमच पाहत होते.

उत्तरायण झालं. समा भागातल्या आमच्या सोसायटीत झाडाझाडांवर फाटके पतंग लटकत होते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मशीनवर काम नव्हतं. एकोणीस नंबरच्या दोन्ही नळ्या मिळून जेमतेम एका वेळेपुरता प्लाझ्मा उरला होता. तो पुरवून ठेवावा असं एक मन म्हणत होतं. पण मला ती जोडी गेलेली बघायची होती. जाईल की नाही हेही ठाऊक नव्हतं. गोठलेल्या रक्ताला विश्रामची नोकरी बदललेली कळणार कशी? तरी मी शेवटचा थेंब लावला.

मशीन नेहमीसारखं गुणगुणत राहिलं. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

रक्तदाबाची गोळी आली. पॅरासिटामॉल आलं. आर्टिमेथर आलं.

ॲट्रोपिन आलं नाही.

प्रॅलिडॉक्सिम आलं नाही.

"गेलं!" मी मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या टेबलावर मयंकभाईंनी मान वर केली.  मी उठून पाणी प्यायले. नलिनीला फोन करावा असं वाटलं, पण तिला काय सांगणार? परत येऊन बसले तेव्हा रेघ पुढे सरकत होती.

ती सरळ होती.

मधुमेहाच्या गोळीची वेळ आली आणि गेली. रक्त पातळ करणारीची गेली. गुडघेदुखीची गेली. मी खुर्ची आणखी जवळ ओढली. पडद्याच्या शेवटापर्यंत रेघ कुठेही उचलली नाही.

जेवढं घेऊन झालं होतं तेवढंच नळीत उरलं होतं. त्यापुढचं काही नव्हतं.

जून महिन्यात मी आलेखावर वाचलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. प्रॅलिडॉक्सिम मिळतं ते हॉस्पिटलात जिवंत पोचलेल्याला. गुडघे दुखतात ते म्हातारं व्हायला मिळालेल्याचे. त्या पोराला विषबाधा होणार होती, कोणीतरी त्याला गाडीत घालून नेणार होतं, आणि मग तो माझ्या सासऱ्यांसारखा डबा उघडून रोज गोळ्या मोजत बसणार होता. यातल्या एकाच नावाला मी घाबरले होते. ते गेलं, आणि त्याच्यामागून म्हातारपणही गेलं.

"बेन, शुं थयुं?" मयंकभाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

मी बाहेर पार्किंगमध्ये गेले आणि विश्रामला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी लागला.

"बोला ताई! खाली टॉवर नाय येत, म्हणून वर टाकीवर येऊन बसलो. मस्त वारा आहे."

"विश्राम, तू आधी खाली उतर. आणि आजच बडोद्याला ये."

"आज कसं येणार? तुकोजीमामा ग्वाल्हेरला गेलेत लग्नाला. आठ दिवस मी एकटाच आहे."

"सगळं तसंच टाकून ये. मी मामांशी बोलते. तू छाणीला जा, जुन्या कामावर. मी सांगते म्हणून जा."

 तो जोरात हसला. "काय मस्करी करता ताई! तुम्हीच तर म्हणालात, जिवावर बेतेल."

"माझं चुकलं होतं. रिपोर्ट चुकला होता."

"नाय ताई, रिपोर्ट बराबर होता. तिथं मला सारखं गरगरायचं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. इथं आलो ने तेव्हापासून साधं डोकं पण नाय दुखलं."

 फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

"खरं सांगतो," तो म्हणाला, "इथली हवाच अशी आहे, आता मला जन्मात एक गोळी घ्यावी लागणार नाय."