पेठेतल्या रिकाम्या फेऱ्या

"अहो, खुर्ची हलवा! ही माझ्या गाडीची जागा आहे."

आमच्या पेठेच्या तोंडावर, आमच्या खानावळीच्या ओट्याला अगदी खेटून, एक अनोळखी मुलगा भलीमोठी छत्री उघडून बसला होता. हातात टिकटिक वाजणारं छोटंसं यंत्र. मी स्कूटरचा हॉर्न दिला, तर स्वारीने आधी टिक केलं आणि मग वर पाहिलं.

"हलवतो. आधी तुम्हाला मोजू दे."

"मला?"

"म्हणजे… गाडीला. दुचाकी, समुद्राकडून आलेली. झाली."

"आणि आल्या पावली परत गेले तर?"

"तर समुद्राकडे गेलेली. पुन्हा एक टिक." असं म्हणून तो हसला. मेल्याला खळी पडत होती, तीही एकाच गालावर!

त्याचं नाव ऋत्विक. पेणचा. आमचा जुना बाजार पाडून तिथे दुमजली इमारत होणार होती, आणि ती झाल्यावर पेठेतल्या रस्त्यांचं काय होईल ते सांगायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. त्यासाठी आठवडाभर इथे बसून येणारी-जाणारी गाडी न् गाडी मोजायची.

त्या आठवड्यात मला कामंही कित्ती निघाली म्हणून सांगू! सकाळी दळण. मग कोथिंबीर. मग राहिलेली कोथिंबीर. दर वेळी छत्रीजवळून जाताना वेग आपोआप कमी व्हायचा, तो मान वर करायचा, आणि… टिक.  घरी आई करवादायची, "काय गो जागृती, कोथिंबिरीला सकाळपासून जातेस, नि कोथिंबीर कुठं हाय?"

दुपारी ऊन चढलं की मी त्याला सोलकढी नेऊन द्यायचे. वाऱ्यावर सुकटीचा वास, त्याच्या कपाळावर घाम…

"उन्हात बसून काळे पडाल हो."

"पडू दे. इथे बसायचं एक कारण आहे ना…"

"कोणतं?"

"सोलकढी," तो म्हणाला. पण पेला घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जराशी जास्तच थांबली. मी पण हात काढला नाही. काय करणार, पेला सांडला असता!

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने चाचरत विचारलं, "एक विचारू? तुम्ही दिवसातून इतक्यांदा जाता-येता… काही खास?"

हाय रे देवा! कळलं की काय याला? माझी कानशिलं तापली आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, "खास कसलं? डबे पोचवते मी. धंदा आहे आमचा."

"अच्छा… डबे." खळी एकदम नाहीशी झाली. "मग मोजायलाच हव्यात सगळ्या फेऱ्या. धंद्याची वाहतूक म्हणजे रोजचीच."

मला वाटलं, बरं झालं, लाज राहिली. मूर्ख कुठली!

मूर्ख मी एकटीच नव्हते म्हणा. गाड्या मोजतायत हे कळल्यावर सरपंच बाबाजीकाकांनी गुपचूप घरोघरी निरोप धाडला होता, की पलीकडच्या बोर्ली गावच्या बाजारापेक्षा आपली पेठ उणी दिसता कामा नये. झालं! जो तो चाकांवर. शेजारच्या दुकानात जायला मोटरसायकल, देवळात जायला मिनीडोर रिक्षा. रघूदादा तर रिकामा ट्रॅक्टर घेऊन पेठेत गरगरत होता. ऋत्विक बिचारा घामाघूम होऊन मोजतोय… टिक टिक टिक.

मग ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणात अख्खा गाव. आईही आली होती, पदराला हात पुसत. ऋत्विकने उभं राहून शांतपणे सांगितलं, की नवी इमारत झाली की गाड्या आणखी वाढणार. पेठेतला रस्ता आत्ताच भरून वाहतोय. म्हणून तो रुंद करावा लागेल, आणि दोन्ही बाजूंचे ओटे, पडव्या काढाव्या लागतील. सुरुवात पेठेच्या तोंडापासून.

म्हणजे आमच्यापासून.

बाबा गेले तेव्हा आईने त्याच ओट्यावर चूल मांडली होती. त्या ओट्यावर बसून लोकांनी भाकऱ्या खाल्ल्या आणि त्यावर मी शिकले, वाढले. ओटा गेला की खानावळ गेली. आई मटकन खाली बसली. मला तिच्याकडे बघवेना.

गाव मात्र पेटला. "खोटं मोजलंय यानं!" "बाहेरून येतात नि आमची घरं पाडतात!" एक जण तर त्याच्या अंगावरच धावून गेला. ऋत्विक पांढराफटक पडला, पण जागचा हलला नाही. "मी जे पाहिलं तेच मोजलं," एवढंच म्हणाला. 

आणि मी उठले.

"त्याची चूक नाही. त्यातल्या पुष्कळ गाड्या म्हणजे मीच. मी उगाचच फिरत होते."

"उगाच कशी?" ऋत्विक म्हणाला. "डबे देता ना?"

"डबे आई पायी देते. सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मग कशाला गो फिरत होतीस?" बाबाजीकाकांनी विचारलं.

  आईचा ओटा जात होता आणि त्याच्यावर खोटेपणाचा आळ येत होता. आता कसली लाज धरायची?

"त्याला बघायला," मी म्हटलं. "आवडतो मला तो."

बायकांच्या बाजूला हशा पिकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, तरी मी खाली बसले नाही. तेवढ्यात मागून रघूदादा खाकरला. "माझा ट्रॅक्टर पण रिकामाच होता." मग मिनीडोरवाला उठला. मग मोटरसायकलवाले, एकामागून एक. शेवटी सगळ्यांच्या नजरा बाबाजीकाकांकडे वळल्या, तेव्हा ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "गावाच्या इज्जतीसाठी केलं रे…"

ऋत्विक माझ्याकडेच बघत होता. "पुन्हा मोजावं लागेल," तो म्हणाला. "पण या वेळी जागृतीने गाडी काढायची नाही."

"मग मी काय करू?"

"माझ्या शेजारी बसायचं."

पुढच्या आठवड्यात छत्रीखाली दोन खुर्च्या होत्या. गाड्या आपल्या येतील तेवढ्याच आल्या, मधे मधे एखादी म्हैस. अशाच एका निवांत वेळी तो हळूच म्हणाला, "तू डबे म्हणालीस ना, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. मला वाटत होतं, तू माझ्यासाठी येतेस… आणि मग वाटलं, मी किती वेडा."

"वेडा आहेसच. विचारायचं ना सरळ!"

"आता विचारतो. पेणला येशील? माझी होऊन?"

 मी त्याचा हात घट्ट धरला. समोरून एसटी गेली, ती मोजायची राहिली.

त्याच्या अहवालात मालाचे ट्रक बाजारामागच्या रस्त्याने न्यावेत आणि पेठ आहे तशी ठेवावी असं आलं. ग्रामसभेने ते टाळ्या वाजवून मान्य केलं.

त्या रविवारी ऋत्विक त्याच्या आईला घेऊन आला. माझ्या आईने त्यांना आत बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "आत कशाला? इथंच बरं आहे, वारा येतोय," आणि पदर सावरून आमच्या ओट्यावर बसल्या. आई त्यांच्या शेजारी टेकली. चहा ठेवायला मी आत पळाले, पण कान सगळे बाहेरच होते.